माजी धर्मगुरूंच्या शोकसभेत काय बोलावे?

प्रश्न : वांद्र्यातील आमचे शेजारी काका, पूर्वाश्रमीचे कॅथलिक धर्मगुरू, नुकतेच निवर्तले. लग्नानंतर, १९८२ च्या गिरणी संपात, मांडीवर झोपलेल्या लेकीला सांभाळत ते कामगारांचे अर्ज रात्री उशिरापर्यंत लिहून देत. शोकसभेत त्यांच्या धर्मगुरुपदाचा उल्लेख करावा का?

उत्तर १ : अवश्य करावा. चर्चच्या १९८३ च्या कायद्यानुसार एकदा विधिवत मिळालेली दीक्षा कधीच रद्द होत नाही. पद सोडलेला धर्मगुरूही मरणासन्न माणसाला पापक्षमा देऊ शकतो.

उत्तर २ : मात्र आधी काकूंना विचारा. पद सोडल्यावर दोघांनी लोकांची बोलणी ऐकली असतील.

प्रश्नकर्ता : विचारले. "दोन्ही सांग, लेकीचेही," असे म्हणून त्यांनी काकांचे निब झिजलेले शाईचे पेन माझ्या हाती दिले.