गिट पुल --एफएफ-ओन्ली: दुरुस्ती टूलने करायची की आपल्या स्क्रिप्टने?

बिल्डवाला:
ऑफिसात बिल्ड सर्व्हरवरच्या (कोडमधून प्रोग्रॅम तयार करणाऱ्या यंत्रावरच्या) एका जुन्या स्क्रिप्टवरून वाद झाला, म्हणून इथे मांडतोय. ऑगस्ट २०२१ मध्ये आलेल्या गिट २.३३ ने (गिट म्हणजे कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं टूल) पुलची, म्हणजे सर्व्हरवरचे नवे बदल आपल्याकडे आणणाऱ्या कमांडची, एक जुनी खोड मोडली. कॉन्फिगमध्ये (सेटिंगमध्ये) रिबेस, म्हणजे आपले कमिट (नोंदवलेले बदल) समोरच्या बदलांवर नव्याने लिहिणं, चालू असेल, तर --एफएफ-ओन्ली ('नुसतं पुढे सरकता आलं तरच कर') देऊनही गिट ते कानाआड करून खुशाल रिबेस करायचं. आता दोन्हीकडचा इतिहास फाटलेला असेल (दोघांकडे वेगवेगळे नवे कमिट असतील) तर ते थांबतं. हे उत्तमच झालं. पण त्यासोबत नवं दुखणं आलं. माझ्या ब्रँचवर पुश न केलेले (सर्व्हरवर न पाठवलेले) दोन कमिट आहेत, ओरिजिनवर, म्हणजे सर्व्हरवरच्या प्रतीत, नवं काहीच नाही, म्हणजे आणायचं काहीच नाही. तरी उत्तर येतं, 'फेटल: नॉट पॉसिबल टू फास्ट-फॉरवर्ड, अबॉर्टिंग.' स्क्रिप्टमध्ये सेट -ई (एरर आली की थांब) असेल तर पुढचं सगळं ठप्प. नोव्हेंबरच्या २.३४ मध्ये हे सुधारलं. ते सुधारायलाच हवं होतं. 'तुमची स्क्रिप्ट बदला' हे अशा वेळी उत्तर होऊच शकत नाही.

मर्जकर:
असहमत. फास्ट-फॉरवर्ड म्हणजे हेड, आपल्या ब्रँचचं शेवटचं टोक, पुढे सरकवणं. तुमचं हेड आधीच पुढे आहे, ते सरकवायचं कुठे? एरर अक्षरशः खरी आहे. आणि बिल्ड सर्व्हरवर पुश न केलेले कमिट मुळात आले कुठून? ती गडबड २.३३ ने उघडी पाडली. मी ते वर्तन ठेवलं असतं.

बिल्डवाला:
मर्जकर साहेब, खरी असली तरी उपयोगाची नाही. २.३४ च्या रिलीज नोट्समध्येही तेच म्हटलंय: तांत्रिकदृष्ट्या खरं असेल, पण एरर म्हणून दाखवण्यात अर्थ नाही. शिवाय त्याच स्थितीत गिट मर्ज --एफएफ-ओन्ली चालवा, 'ऑलरेडी अप टू डेट' म्हणून शांतपणे शून्य (यशाचा एक्झिट कोड) परत करतं. पुल म्हणजे फेच (बदल आणणं) आणि मर्ज (ते आपल्यात मिसळणं). मग एकाच नावाच्या ऑप्शनचे दोन अर्थ का? पुलच्या मॅन्युअलमध्येही अट आहे ती स्थानिक इतिहास फाटलेला नसण्याची. दोन कमिट पुढे असणं म्हणजे फाटणं नव्हे.

सोर्सवाचक:
कोड पाहिला की हे घडलं कसं ते कळतं. पुल एकच प्रश्न विचारत होतं: आपलं हेड समोरच्या टोकाचं पूर्वज आहे का? 'नाही' आलं की थेट एरर. पण 'नाही' दोन कारणांनी येतं. एक, खरोखर फाटाफूट. दुसरं, समोरचंच टोक आपलं पूर्वज आहे. दुरुस्तीत हा उलटा प्रश्न जोडला. त्याऐवजी २.३३ चा बदल मागे घेतला असता तर --एफएफ-ओन्ली असूनही रिबेस होण्याची खोड परत आली असती, आणि ते जास्त घातक, कारण तिथे कमिट नव्याने लिहिले जातात. म्हणून मला ही दुरुस्ती पटते.

मर्जकर:
मर्जचा मुद्दा मान्य, तिथे विसंगती होतीच. पण दुरुस्तीही अर्धवट आली. --एफएफ किंवा --एफएफ-ओन्ली न देता पुल केलं की दुखणं तसंच. ते २४ नोव्हेंबरला २.३४.१ मध्ये गेलं. एका ऑप्शनपुरता विचार केला की असंच होणार.

बिल्डवाला:
नऊ दिवसांत गेलं, हेही बघा ना! त्याच २.३४.१ मध्ये आणखी एक गोष्ट आहे. जेगिट (गिटचं जावामधलं रूप) वापरणारं एक ॲप गिट कॉन्फिग (सेटिंग पाहायची-बदलायची कमांड) चालवताना एडिटरची सोय भलत्याच कामाला जुंपत होतं, ते २.३४.० मुळे अडकून पडायला लागलं. गैरवापर ॲपचाच. तरी गिटने स्वतःचा बदल मागे घेतला. चालू असलेलं काम आपल्यामुळे मोडलं, तर निस्तरणं आपलं, ही भूमिका मला शंभर टक्के पटते.

मर्जकर:
मला नाही पटत. अशाने प्रत्येक गैरवापराला हक्क मिळतो. राहिला पुलचा प्रश्न. पुश राहिलंय हे नॉन-झिरो एक्झिट कोडने सांगणारा वेगळा ऑप्शन पुलमध्ये हवा, ही माझी मागणी कायम आहे. तोवर मी सर्व्हरवर पुलच्या आधी रेव्ह-लिस्टने (कमिटची यादी देणाऱ्या कमांडने) अपस्ट्रीमच्या, म्हणजे सर्व्हरवरच्या जोडलेल्या ब्रँचच्या, पुढचे कमिट मोजतो. शून्य नसेल तर बिल्ड तिथेच थांबवतो.