नवऱ्याला इच्छाच होत नाही, की माझ्याबद्दल होत नाही? विचारायचं कसं?

डोंबिवलीकरीण

नवीन आयडी काढून लिहितेय, कोणाला ओळखीचं वाटलं तरी कृपया ओळख काढू नका. मी ३४, नवरा ३८, लग्नाला नऊ वर्षं झाली, लव्ह मॅरेज, मुलगी सहा वर्षांची. वन बीएचके आहे, सासूबाई हॉलमध्ये झोपतात आणि आमच्या बेडरूमची कडी लावताना खटकन एवढा आवाज होतो की शेजारच्या विंगला पण कळावं. मुलगी आमच्यात झोपते. हे आधीच सांगितलं कारण सगळे हेच विचारणार. पण हे सगळं चार वर्षांपूर्वी पण असंच होतं आणि तेव्हा आमचं बरं चाललं होतं.

आता गेलं वर्ष दीड वर्ष तो जवळच येत नाही. मी गेले तर कधी हो कधी नाही, आणि गेल्या गणपतीपासून नाहीच. भांडण नाही, दुसरी बाई नाही (हो, मी फोन बघितला, लाज वाटते सांगायला), पगार घरात देतो, पोरीचा अभ्यास घेतो, माझ्या आईच्या ऑपरेशनला रात्रभर बसला होता. माणूस चांगला आहे हो. फक्त रात्री मी त्याच्या अंगावर हात ठेवला की तो झोपलेला असतो. म्हणजे झोपल्याचं सोंग असतं. मला कळतं कारण तो खरा झोपला की घोरतो, आणि ज्या रात्री मी हात ठेवते त्या रात्री घोरणं नाही काही नाही, एकदम सज्जन माणसासारखा शांत पडलेला. मी पण मग काही न कळल्यासारखं दाखवून कूस बदलते. दोघंही जागे आणि दोघंही झोपलेले.

एकदा विचारलं, रात्रीच, साडेअकराला, तर म्हणाला अगं सकाळी ७:४८ पकडायची असते, दमतो. त्यावर मी बोलले की मग रील्स बघायला कसा दमत नाहीस, मग तो भिंतीकडे तोंड करून झोपला, विषय संपला. मैत्रिणींमध्ये सगळ्यांची तक्रार उलटी असते, नवरा सोडत नाही वगैरे, मी आपली मान हलवते. बाईला जास्त हवं असतं हे बोलायचं कोणासमोर? आरशात बघते तर वाटतं वजन वाढलंय माझं, त्यामुळेच असेल.

प्रश्न एवढाच, हे त्याच्याशी बोलायचं कसं? तो दुखावला जाणार नाही आणि मी पण भीक मागितल्यासारखी वाटणार नाही असं.

---

सिंहगड_रविवार

ताई, मी तुमच्या नवऱ्याच्या बाजूचा माणूस. वय ४१, पुणे, जवळजवळ दोन वर्षं झोपेचं सोंग घेतलेलं आहे आणि मला वाटायचं बायकोला पत्ता नाही. तुमचं घोरण्याचं वाचून आत्ता बायकोला विचारलं, ती म्हणाली मलाही माहीत होतं, हसली पण पुढे काही बोलली नाही.

माझं सांगतो. मला अँक्झायटीसाठी डिप्रेशनची गोळी सुरू केली होती. गोळीने बरं वाटलं, झोप लागायला लागली, ऑफिसला नीट जायला लागलो, पण इच्छा एकदम गायब, आणि झालंच तर शेवटपर्यंत पोचायचंच नाही. मला कोणी सांगितलं नव्हतं की या गोळ्यांनी असं होतं, मी पण विचारलं नाही कारण क्लिनिकमध्ये बाहेर दहा माणसं बसलेली, आत दोन मिनिटं मिळणार. मी समजलो आपण संपलो. ४१ व्या वर्षी! बायको समजली माझं बाहेर काहीतरी आहे. सगळं कळलं तेव्हा डॉक्टरांनी गोळी बदलून दिली, हळूहळू. स्वतःहून बंद करू नका कोणी प्लीज, मी केली होती, चार दिवस डोकं गरगरत होतं.

आणि एक, वजनाचं डोक्यातून काढा. नाही जमलं तर काय, ही भीती बसली की पुरुष बायकोच्या वजनाकडे बघतच नाही, तो दाराकडे बघतो, कसं सटकायचं.

---

मधुरा_के

मी बाई आहे आणि कमी इच्छावाली बाजू आहे. म्हणजे नेहमीची केस. पण दुसऱ्या बाजूने काय दिसतं ते सांगते.

माझा नवरा वाईट नाही, पण त्याचा प्रत्येक स्पर्श कुठेतरी जायचा. मी गॅसपाशी चहा टाकत असले आणि त्याने मागून खांद्यावर हात ठेवला की माझ्या डोक्यात गणित सुरू, आता मान टेकवली तर रात्रीचं हो समजणार, रात्री नाही म्हटलं तर तोंड पडणार, तोंड पडलं की उद्या डबा न घेता जाणार. त्यापेक्षा आत्ताच खांदा काढून घेतलेला बरा. असं करता करता आम्ही चहाच्या वेळचा हात पण घालवून बसलो. मला तो हात आवडायचा हो! मला पुढचं नको होतं, आणि तेही रोज नको होतं असं नाही, त्या दिवशी नको होतं.

शेवटी बोललो ते गाडीत, लोणावळ्याला जाताना, ट्रॅफिकमध्ये अडकलेलो आणि दोघांनाही उतरून जाता येत नव्हतं. ठरलं काय तर एक शब्द. 'नुसतं'. नुसतं म्हटलं की नुसतं, मिठी मिठीच राहणार, पुढे काही नाही, आणि दुसऱ्याने तोंड पाडायचं नाही. ऐकायला बालिश वाटेल, पण पहिल्या महिन्यात मी जितक्या वेळा त्याच्याजवळ जाऊन बसले तितकी आधीच्या वर्षात बसले नव्हते. आणि त्यातल्या दोन-तीनदा 'नुसतं' मीच मोडलं :)

मला आपोआप भूक लागत नाही, फोडणीचा वास आला की लागते. माझा नवरा सकाळी उठल्यापासून भुकेला. यात आजारी कोणी नाही. तुमच्या नवऱ्याचं वेगळंही असेल, पण रात्री साडेअकराला विचारलेला प्रश्न आम्हाला प्रश्न वाटत नाही, समन्स वाटतं. दिवसा विचारा, कपड्यांत.

---

सह्याद्रीपुत्र_६२

आमच्या पिढीने असले विषय चव्हाट्यावर आणले नाहीत म्हणून संसार टिकले. हे सगळं पाश्चात्य फॅड आहे. बाईने नामस्मरणात मन रमवावं, आपोआप शांत होतं. आणि नवऱ्याला शुद्ध शिलाजित द्या, पंधरा दिवसात फरक.

---

जुनी_रद्दी

काका, पाश्चात्य कसलं? र. धों. कर्वे मुंबईत बसून मराठीत १९२७ ते १९५३ 'समाजस्वास्थ्य' मासिक काढत होते, आणि त्यात वाचक अगदी हेच प्रश्न विचारायचे, ते छापून उत्तरं द्यायचे. त्या उत्तरांवरून खटला झाला, १९३४ मध्ये त्यांच्या बाजूने कोर्टात कोण उभं राहिलं माहितीये? डॉ. आंबेडकर. केस हरले ती गोष्ट वेगळी, मासिक बंद केलं नाही. तुमच्या पिढीच्या आधीची पिढी बोलत होती, मधेच कुठेतरी तोंड शिवलं गेलं.

संसार टिकले म्हणता, माझी आजी पंचवीस वर्षं देवघरात झोपायची. टिकला संसार.

---

डॉ_नाशिककर

मी जनरल प्रॅक्टिस करते, सेक्सॉलॉजिस्ट नाही, पण हा प्रश्न दार बंद केल्यावर आठवड्यातून दोन-तीनदा येतोच, बहुतेक वेळा पेशंट उठून दाराच्या मूठीला हात लावतो आणि मग म्हणतो, डॉक्टर अजून एक विचारायचं होतं.

पहिलं म्हणजे, ३८ वर्षांचा माणूस, बैठं काम, दमणूक, इच्छा कमी झालेली, कदाचित ताठरता नीट येत नसेल म्हणून टाळतोय, तर आधी साध्या रक्ताच्या तपासण्या करा. उपाशीपोटीची साखर आणि एचबीए१सी (मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर), थायरॉइड, कोलेस्टेरॉल, बीपी, आणि डॉक्टरांना वाटलं तर टेस्टोस्टेरॉन आणि प्रोलॅक्टिन ही हार्मोन्स. डायबिटीस कित्येकदा याच दारातून घरात आलेला सापडतो. तिथल्या रक्तवाहिन्या हृदयाच्या वाहिन्यांपेक्षा बारीक असतात, त्यामुळे बिघाड तिथे आधी दिसू शकतो, म्हणून ही तक्रार लाजेखातर दाबू नये. बीपीच्या काही गोळ्या, डिप्रेशनच्या गोळ्या, दारू, अपुरी झोप, सगळ्याचा हात असतो. तो घोरतो लिहिलंय, मधे श्वास अडकल्यासारखा होतो का तेही बघा, स्लीप अॅप्निया असेल तर दिवसा माणूस चोळामोळा आणि इच्छा शून्य.

शिलाजितबद्दल, काका माफ करा. 'ताकदीची' म्हणून विकल्या जाणाऱ्या पुड्यांमध्ये न सांगता व्हायग्राचंच औषध घातलेलं सापडतं. छातीत दुखण्यासाठी नायट्रेटची गोळी घेणाऱ्या माणसाने ते घेतलं तर बीपी जिवावर बेतेल इतकं खाली येतं. लोकलच्या डब्यात चिकटवलेले 'निराश होऊ नका' वाले नंबर फिरवू नका, भेटायचं तर डिग्री बघून, मानसोपचार, युरोलॉजी किंवा एंडोक्रायनॉलॉजी (हार्मोनचे डॉक्टर).

दुसरं, मधुरा यांनी फोडणीचा वास म्हटलंय ते पुस्तकातही आहे. कॅनडाच्या रोझमेरी बॅसन या डॉक्टर बाईंनी २००० साली हेच मांडलं होतं, की इच्छा दर वेळी आधी येत नाही, जवळीक सुरू झाल्यावर मागून येते. त्यांनी बायकांबद्दल लिहिलं, मला पुरुषांतही दिसतं. आणि 'नुसतं' हा जवळजवळ उपचारच आहे. मास्टर्स आणि जॉन्सन या अमेरिकन जोडीने १९७० मध्ये असाच गृहपाठ लिहून ठेवलाय, सुरुवातीला संबंधांना चक्क बंदी, फक्त स्पर्श, तोही ठरवून, पास-नापास नाही. नापासाची भीती गेली की निम्मं काम होतं. बंदी घातली की ती मोडावीशी वाटते हा बोनस.

अजून एक, हे मूळ प्रश्नकर्तीसाठी नाही, वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी. गरज वेगळी असणं वेगळं आणि जबरदस्ती वेगळी. नवऱ्याने केलेली असली तरी २००५ च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यात लैंगिक छळ धरलेला आहे. १८१ या महिला हेल्पलाइनवर फोन करता येतो. तिथे 'संवाद वाढवा' हा सल्ला लावू नका.

---

डोंबिवलीकरीण

सगळ्यांचे आभार, काकांचे पण (नामस्मरण करून बघितलं, त्यातही त्याचंच नाव आलं).

तीन आठवड्यांनी लिहितेय कारण हिंमत गोळा करायला तेवढे लागले. बोलले स्कूटरवर. मागे बसले होते, तोंड दिसत नाही त्यामुळे बरं पडलं. मानपाडा रोडला सिग्नलला थांबलो तेव्हा म्हटलं, मला माहितीये तू रात्री जागा असतोस. तो म्हणाला काय? हेल्मेटमुळे ऐकू येत नाहीये. मग ओरडून म्हटलं, झोपत नाहीस माहितीये मला! बाजूचा रिक्षावाला बघायला लागला. त्याने पुढे वडापावच्या गाडीपाशी स्कूटर लावली, हेल्मेट काढलं नाही, काच वर केली फक्त, आणि तसाच बोलला.

गणपतीत मालवणला गेलो होतो तेव्हा एका रात्री जमलं नव्हतं. मला तर आठवत पण नव्हतं! मला वाटलं होतं प्रवासाने दमलाय, मी झोपून गेले. त्याने ती रात्र सहा महिने डोक्यात ठेवली. तेव्हापासून दर वेळी वाटतं की आज पण झालं तर, त्यापेक्षा झोपलेलं बरं. मी म्हटलं मला वाटलं मी जाड झाले म्हणून. तर म्हणतो, वेडी आहेस का. एवढंच. वडापाव खाल्ला, पोरीला सुकी चटणी जास्त आवडते म्हणून वेगळी पुडी बांधून घेतली आणि घरी आलो.

तपासण्या केल्या. उपाशीपोटी १४८, एचबीए१सी ७.४. त्याच्या वडिलांना होता डायबिटीस, आमच्या कोणाच्या डोक्यातच नव्हतं की ३८ ला असं होईल. गोळी सुरू झालीये, रोज रात्री जेवून दोघं चालायला जातो, सासूबाईंना वाटतं शुगरसाठी. शुगरसाठी पण आहे.

'नुसतं' चालू केलंय. पहिल्या दिवशी दोघंही लाकडासारखे पडलो होतो, मग हसायलाच आलं, पोरगी उठली, म्हणाली काय झालं. तिला आता आजीजवळ झोपायची सवय लावतोय, दर दिवसाला एक गोष्ट असा आजीचा रेट ठरलाय. दर शनिवारी सासूबाई चार ते सहा भजनी मंडळात असतात, हे नऊ वर्षांत पहिल्यांदा माझ्या लक्षात आलंय. अजून 'तसं' काही झालेलं नाही आणि मला वाटलं होतं तेवढी घाई पण वाटत नाहीये, कारण काल रात्री त्याच्या दंडावर हात ठेवला तर पाच मिनिटात घोरायला लागला, खरंखरं.

आज सकाळी बघते तर बेडरूमच्या कडीला शिलाई मशीनचं तेल. मी नाही घातलं. विचारलं पण नाही.

डॉक्टर, एकच, टेस्टोस्टेरॉन सांगितलंय करायला, ते संध्याकाळी ऑफिसहून येताना दिलं तर चालतं का?

---

डॉ_नाशिककर

नाही, सकाळीच, शक्यतो दहाच्या आत आणि उपाशीपोटी. संध्याकाळी आकडा तसाही खाली असतो, उगाच घाबराल. एकदा कमी आलं तरी त्यावर काही ठरवू नका, दुसऱ्या एखाद्या दिवशी सकाळी परत करून बघतात. त्या दिवशी ७:४८ सोडायला सांगा.