मारिया लुगोनेस कुठून वाचायला घेऊ?

उन्हाळी_सुट्टी: एमएला मारिया लुगोनेस ही स्त्रीवादी तत्त्वज्ञ आहे. सरांनी थेट २००७ चा वसाहतवाद आणि जेंडरवरचा निबंध दिला, तीनदा वाचला, पार डोक्यावरून गेला. बाई मूळच्या अर्जेंटिनाच्या, अमेरिकेत शिकवायच्या, २०२० मध्ये गेल्या, एवढंच कळलंय. वसाहतीआधी बाई-पुरुष भेदच नव्हता असं म्हणायचंय का त्यांना??

खारी_शेंग: अगं २००७ नंतर, आधी १९८७ चा वाच. भारी आहे, त्यात एका ठिकाणी बाई मित्रमैत्रिणींना विचारतायत की मी खेळकर आहे का गं, आणि कोणी म्हणतं हो, कोणी म्हणतं छे. अमेरिकन गोऱ्यांच्यात ती गंभीर, आपल्या लोकांत धमाल. आणि आईवरही लिहिलंय. आईवर प्रेम म्हणजे तिला राबवून घेणं असंच शिकवलेलं, म्हणून म्हणते की आईच्या जगात जाऊन तिथून बघितल्याशिवाय खरं प्रेम जमलंच नाही. मी हे वाचून आईला फोन केला होता, ती म्हणाली पैसे हवेत का 😄

बलक: १९९४ चा पण बघ, त्यात मेयोनीज फाटतं! अंड्याचा बलक पांढऱ्यापासून वेगळा काढणं एक, आणि फाटलेलं मेयोनीज दुसरं, ज्यात तेलाला बलक लागलेला असतो नि बलकाला तेल, पूर्ण वेगळं काही होतच नाही. मिश्र ओळखीची माणसं तशी, म्हणून 'शुद्ध' करायचा हट्ट सोडा.

जुना_वाचक: मूळ प्रश्नाकडे येतो. लुगोनेस पेरूचे समाजशास्त्रज्ञ किहानो यांची मांडणी घेतात, वसाहतीने वंशाची कल्पना लादली, आणि म्हणतात की जेंडरही लादलं. आधार म्हणून नायजेरियन समाजशास्त्रज्ञ ओयेवुमींचं तिथल्या योरुबा समाजावरचं काम. योरुबात एग्बोन म्हणजे थोरलं भावंड, आबुरो म्हणजे धाकटं, दादा की ताई ते शब्दात नाहीच, मान वयाचा. पण हे सगळीकडे लावता येत नाही बरं का. मानववंशशास्त्रज्ञ रीता सेगातो, त्याही अर्जेंटिनाच्याच, म्हणतात पितृसत्ता आधीही होती, तीव्रता कमी होती. आणि आपल्याकडे तर इंग्रज यायच्या कितीतरी आधीपासून जात होती, आंबेडकरांनी १९१६ मध्येच दाखवलं की जात टिकते ती बायकांच्या लग्नांवर ताबा ठेवून. परीक्षेत लुगोनेस जशीच्या तशी इथे चिकटवू नकोस.

उन्हाळी_सुट्टी: बापरे, थँक्यू सगळ्यांना. सर नेमके हेच विचारतील वाटतं. ते मेयोनीजवालं कोणाकडे आहे का?