पीट्रेसने आरआयपी बदलला, तरी प्रोसेस २ बाइट आधीपासून का चालू होते?

प्रश्न – निबल_४

लिनक्स, एक्स८६-६४. चालू प्रोसेसला पीट्रेसने (एका प्रोसेसने दुसरीला थांबवून तपासायची, बदलायची लिनक्सची सोय) अटॅच करून तिच्यातलंच एक फंक्शन बाहेरून चालवायचं आहे. क्रम असा: पीट्रेस_अटॅच, वेटपिड, पीट्रेस_गेटरेग्जने सगळे रजिस्टर जपून ठेवायचे, आरआयपीमध्ये (पुढच्या सूचनेचा पत्ता धरणारं रजिस्टर) फंक्शनचा पत्ता, पीट्रेस_सेटरेग्जने रजिस्टर परत लिहायचे, मग पीट्रेस_कंटने प्रोसेस पुढे चालू करायची.

प्रोसेस ब्रेकपॉइंटवर थांबलेली असेल तर हे बिनचूक चालतं. पण ती रीड कॉलमध्ये इनपुटची वाट बघत बसलेली असताना अटॅच केलं, तर पुढे चालू करताच सिगसेग्व (मेमरीचा चुकीचा वापर) किंवा सिगइल (अवैध सूचना) हा सिग्नल येतो. सेटरेग्जनंतर लगेच गेटरेग्ज केलं तर आरआयपी मी लिहिला तोच दिसतो. प्रत्यक्षात मात्र अंमल त्या पत्त्याच्या २ बाइट आधीपासून सुरू होतो. शिवाय आरएएक्स या रजिस्टरला मी हात लावलेला नसताना त्याची किंमत बदलून ० होते. हे कोण बदलतं आणि कधी?

प्रतिसाद १ – कर्नलवाडा

कर्नलच बदलतो, आणि तुम्ही कंट केल्यानंतर बदलतो. म्हणून गेटरेग्जमध्ये ते दिसत नाही.

प्रोसेस थांबलेली असताना तिचे रजिस्टर प्रोसेसरमध्ये नसतातच. युजर मोडमधून कर्नलमध्ये शिरताना एंट्री कोड ते त्या थ्रेडच्या कर्नल स्टॅकच्या माथ्यावर रचून ठेवतो. त्या रचनेचं नाव पीटी_रेग्ज. तिच्यात २१ खण, प्रत्येकी ८ बाइट, एकूण १६८. क्रम: आर१५, आर१४, आर१३, आर१२, बीपी, बीएक्स, आर११, आर१०, आर९, आर८, एएक्स, सीएक्स, डीएक्स, एसआय, डीआय, ओरिग_एएक्स, आयपी, सीएस, फ्लॅग्ज, एसपी, एसएस. डीबगरला दिसणारी युजर_रेग्ज_स्ट्रक्ट २१६ बाइटची असते, कारण पुढे एफएस_बेस, जीएस_बेस आणि डीएस, ईएस, एफएस, जीएस हे ६ खण जोडलेले असतात. ते स्टॅकवर नसतात. कर्नल ते थ्रेड_स्ट्रक्टमधून आणून भरतो.

आता १२० या ऑफसेटवरचा (रचनेच्या सुरुवातीपासून १२० बाइटवरचा) ओरिग_आरएएक्स बघा, म्हणजे वरच्या यादीतला ओरिग_एएक्स. या नावाचं रजिस्टर प्रोसेसरमध्ये नाही. ती कर्नलची स्वतःची नोंद आहे: सिस्टिम कॉलने आत आलो असू तर कॉलचा नंबर, एक्सेप्शनने आलो असू तर −१.

तुमची प्रोसेस रीडमध्ये होती, म्हणजे ओरिग_आरएएक्स ०. अटॅचच्या सिग्नलने रीड अर्धवट सुटला आणि आरएएक्समध्ये −५१२ आला. हा ईरीस्टार्टसिस, म्हणजे 'कॉल पुन्हा सुरू करा' अशी कर्नलची अंतर्गत खूण. हा आकडा युजर प्रोग्रामला कधीच दिसत नाही, डीबगरला दिसतो. कंट केल्यावर कर्नलचा सिग्नल हाताळणारा कोड पुढे सरकतो आणि तपासतो: ओरिग_एएक्स −१ नाही ना? एएक्समध्ये रीस्टार्टचा कोड आहे का? असेल, आणि प्रोसेसला द्यायचा सिग्नल उरला नसेल, तर एएक्स = ओरिग_एएक्स आणि आयपीमधून २ वजा. सिस्टिम कॉल करणारी सिस्कॉल ही सूचना २ बाइटची, त्यामुळे एरवी या वजाबाकीने तोच कॉल पुन्हा सुरू होतो. तुम्ही आरआयपी बदललात हे त्या कोडला कळायला मार्गच नाही. तो तुमच्याच पत्त्यातून २ वजा करतो. आरएएक्समध्ये ० येतो तोही इथूनच, कारण रीडचा नंबर ०.

उपाय: आरआयपी बदलाल तेव्हा त्याच सेटरेग्जमध्ये ओरिग_आरएएक्स = −१ लिहा. जीडीबी हा डीबगरसुद्धा एक्स८६-६४ लिनक्सवर पीसी (म्हणजे इथे आरआयपी) लिहिताना हेच करतो. ब्रेकपॉइंटवर तुमचा कोड चालतो, कारण इंट३ ने (ब्रेकपॉइंटची सूचना) आत येताना तिथे आधीच −१ असतो.

प्रतिसाद २ – निबल_४

−१ लिहिल्यावर फंक्शन चालायला लागलं, आभार. दोन शंका. काही जुन्या इंजेक्टरमध्ये (दुसऱ्या प्रोसेसमध्ये कोड घुसवणारे प्रोग्राम) सुरुवातीला २ नॉप (काहीच न करणाऱ्या १ बाइटच्या सूचना) टाकून आरआयपी पत्ता + २ ठेवलेला दिसतो, ते यासाठीच का? आणि काम झाल्यावर मूळ रजिस्टर परत लिहिले तर अर्धवट राहिलेल्या रीडचं काय होतं?

प्रतिसाद ३ – कर्नलवाडा

हो, यासाठीच. पण ते टाळा. स्वतः लिहिलेल्या शेलकोडला नॉप लावता येतात, लिबसीमधल्या (सीची प्रमाण लायब्ररी) तयार फंक्शनला कुठून लावणार? शिवाय आरएएक्स बिघडतो तो बिघडतोच.

रीडचं उत्तर: जपून ठेवलेले २७ च्या २७ खण जसेच्या तसे परत लिहा, −५१२ आणि ओरिग_आरएएक्स ० सकट. परतीच्या पत्त्यावर इंट३ ठेवला असेल तर फंक्शन संपताना तो लागून सिगट्रॅप येईल. तिथे सेटरेग्ज करून सिग्नल ० ने कंट करा. कर्नल पुन्हा तीच तपासणी करतो, त्याला −५१२ आणि ० सापडतात आणि रीड नव्याने सुरू होतो. तुमचा −१ मागे राहिला, तर प्रोग्रामला रीडकडून थेट −५१२ मिळेल. लिबसी त्याचा एररनो (चुकीचा क्रमांक ठेवणारं व्हेरिएबल) ५१२ करेल आणि हा आकडा कुठल्याच मॅन्युअलमध्ये सापडणार नाही.

नॅनोस्लीपच्या जातीच्या कॉलमध्ये आरएएक्स −५१६ असतो. तिथे कर्नल जुना नंबर न वापरता रीस्टार्ट_सिस्कॉल (२१९) लावतो आणि उरलेला वेळ टास्कमधल्या रीस्टार्ट_ब्लॉकमधून घेतो. हा ब्लॉक प्रत्येक थ्रेडला एकच. तुमचं फंक्शन चालू असताना एखादा सिग्नल हँडलर चालून सिगरिटर्न (हँडलरमधून परत येण्याचा कॉल) झालं तर तो रद्द होतो आणि मूळ स्लीप ईइंटर ही 'मध्येच तुटला' अशी एरर घेऊन परततो. म्हणून आत चालवायचं फंक्शन आटोपशीर ठेवा.

प्रतिसाद ४ – बिटवाट

ओरिग_आरएएक्स सांभाळल्यावरही जिथे गाडी अडते त्या जागा:

रेड झोन. आरएसपीच्या (स्टॅकचा माथा दाखवणारं रजिस्टर) खालचे १२८ बाइट चालू फंक्शन वापरत असू शकतं. आधी आरएसपीमधून १२८ वजा करा, मग १६ च्या पटीत खाली आणा, मग परतीचा पत्ता पुश करा. फंक्शनच्या पहिल्या सूचनेवर आरएसपी + ८ हा १६ च्या पटीत असायला हवा. नसेल तर लिबसीच्या आत खोलवर एखाद्या मूव्हएपीएसवर (१६ च्या पटीतलाच पत्ता मागणारी सूचना) सिगसेग्व येतो. पत्ता वैध दिसत असतो, त्यामुळे लोक भलतीकडेच शोधत बसतात.

प्रिंटएफसारखं बदलत्या आर्ग्युमेंटांचं फंक्शन असेल तर एएलमध्ये (आरएएक्सचा सर्वांत खालचा बाइट) आर्ग्युमेंटांसाठी वापरलेल्या व्हेक्टर रजिस्टरांची संख्या लागते; एकही नसेल तर आरएएक्स = ०.

एक्सएमएम आणि वायएमएम ही व्हेक्टर रजिस्टर गेटरेग्जमध्ये येत नाहीत. ब्रेकपॉइंटवर, म्हणजे कोडच्या अधेमध्ये थांबवून फंक्शन चालवत असाल, तर तेही जपायला लागतात. त्यासाठी पीट्रेस_गेटरेगसेट, प्रकार एनटी_एक्स८६_एक्सस्टेट. लागणारी जागा प्रोसेसरच्या व्हेक्टर सोयींवर ठरते: एव्हीएक्सपर्यंत ५१२ + ६४ + २५६ = ८३२ बाइट, एव्हीएक्स-५१२ असेल तर अडीच हजारांच्या वर, एएमएक्स असेल तर दहा हजारांच्या वर. सरळ १६ केबीचा बफर द्या आणि परत लिहिताना कर्नलने आयओव्ही_लेनमध्ये दिलेली लांबीच वापरा. अपुरी लांबी दिलीत तर ईफॉल्ट ही एरर.

सेटरेग्ज ईआयओ ही एरर देत असेल तर सीएस आणि एसएस हे सेगमेंट रजिस्टर बघा. शून्याने भरलेली रचना पाठवली की हमखास हे होतं. ६४-बिट प्रोसेसचा सीएस हेक्स ३३ असतो, ३२-बिटचा हेक्स २३.

प्रतिसाद ५ – रनटाइम_रत्नागिरी

हाच कोड एआरएम६४ वर नेणार असाल तर तिथे पीट्रेस_गेटरेग्ज नाहीच. गेटरेगसेट आणि एनटी_पीआरस्टेटस वापरायचं. मिळतात ३१ रजिस्टर, एसपी, पीसी आणि पीस्टेट, म्हणजे २७२ बाइट.

ओरिग_आरएएक्सची भानगडही तिथे नाही. एआरएम६४ चा कर्नल रीस्टार्टचा निर्णय डीबगरला थांबा देण्याआधीच घेतो: पीसीमधून ४ वजा करतो, एक्स० मध्ये मूळ आर्ग्युमेंट परत ठेवतो आणि मगच सिग्नलकडे वळतो. म्हणून रीडमध्ये अडकलेल्या प्रोसेसला अटॅच केलं की पीसी एसव्हीसी या (तिथल्या सिस्टिम कॉलच्या) सूचनेवरच दिसतो, तिच्या पुढे नाही. नंतर तुम्ही पीसी बदललात तर त्यातून काही वजा होत नाही. सिस्टिम कॉलच्या प्रवेशावर थांबवून कॉलचा नंबर बदलायचा असेल, तर एक्स८ मध्ये लिहून उपयोग नाही. एनटी_एआरएम_सिस्टिम_कॉल हा वेगळा रेगसेट लिहावा लागतो.