फराळाचे तळण आणि आगीची खबरदारी : सोलापूरकरांचे अनुभव

दिवाळीपूर्वीच्या आठवड्यात घरोघरी शेव, चकली, अनारशांचे तळण तासन्‌तास चालते. त्या गडबडीत आग लागू नये म्हणून आपल्या घरी काय पाळले जाते, याविषयी आलेल्या पत्रांतील निवडक मजकूर देत आहोत.

साखर पेठेतून : शेवेसाठी शेंगतेल तापत ठेवून जाऊबाई दारात आलेल्या पाहुण्यांशी बोलत राहिल्या आणि तेल धुरावून पेटले. सासूबाईंनी कढई उचलण्याचा विचारही केला नाही. शेगडीचे बटण बंद करून पिठावर झाकलेली पितळी परात त्यांनी कडेने सरकवत कढईवर बसवली आणि कळशी घेऊन धावलेल्या पुतण्याला उंबऱ्यातच थांबवले. पेटत्या तेलात पाणी पडले, तर ते तळाशी जाऊन क्षणात वाफ होते आणि जळते तेल चहूकडे उडवते. परात आम्ही कढई पूर्ण निवल्यावरच काढली, कारण तापलेले तेल हवा मिळताच पुन्हा पेटू शकते. आता तळणाला बसण्याआधी कढईच्या मापाचे झाकण हाताशी घेतले जाते.

(अशा वेळी बेसन टाकावे, असे एका पत्रात होते. तो भाग आम्ही मुद्दाम गाळला, कारण बारीक पीठ उधळले की ते स्वतःच भडकते.)

विडी घरकुलातून : टॉवेलचे कटपीस येथे घरोघरी मसोते म्हणून वापरतात. त्यांचे उभे, मोकळे धागे ज्योत चटकन धरतात. म्हणून आमच्याकडे सांडशीच वापरतात आणि मसोता शेगडीपासून दूर टांगतात.

जुळे सोलापुरातून : ऐन लक्ष्मीपूजनाच्या दिवशी सिलिंडर बदलल्यावर वास येऊ लागला. हा गॅस हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत साचतो. म्हणून आधी खाली लावलेल्या पणत्या आणि समई शांत केली, रेग्युलेटर बंद करून काढला, सिलिंडरला टोपी बसवली आणि दारे-खिडक्या उघडल्या. पंखा लावायला निघालेल्या मुलाला अडवावे लागले, कारण बटणाच्या ठिणगीनेही भडका उडू शकतो. अंगणात आल्यावरच १९०६ या गॅसगळतीच्या मदत क्रमांकावर फोन केला.

बाळ्यातून : चकलीत हवा राहिली की ती कढईत फुटते. त्यामुळे सोऱ्यात पीठ दाबून भरणे, कढई निम्मीच भरणे आणि झारा कोरडा ठेवणे, एवढे आई कटाक्षाने पाहते.