पाच मिनिटांत मोबाइलचा टीव्ही? आधी फोन तर तपासा!

चौकस_चिंतू (धागाकर्ता)

‘डिश बंद करायची आहे, काय करू?’ या कालच्या धाग्यावर कोणीतरी तोच फिरता मजकूर डकवला: ‘डिशचं रिचार्ज विसरा. ही एपीके टाका, खालची एम३यू लिंक चिकटवा, ८०० चॅनल, पाच मिनिटांत, फुकट.’ (एपीके म्हणजे प्ले स्टोअरबाहेरून टाकायची ॲपची फाइल, एम३यू म्हणजे चॅनलच्या पत्त्यांची यादी.) खाली वा वा, धन्यवाद दादा, आजच करतो. तिथे उत्तर लिहायला घेतलं, ते लांबलं, म्हणून वेगळा धागा.

मोबाइलवर टीव्ही लावणं म्हणजे ॲप टाकणं नव्हे. ॲप सगळ्यात शेवटी.

आधी फोन. प्ले स्टोअरवर ‘डीआरएम इन्फो’ नावाचं छोटं ॲप मिळतं. त्यात वाइडवाइनची, म्हणजे चित्राची चोरी रोखणाऱ्या कुलपाची (डीआरएम), ‘सिक्युरिटी लेव्हल’ बघा. एल१ असेल तर ठीक. एल३ असेल तर मोठी ॲप्स साध्या दर्जाच्या (एसडी) वर चित्र देणार नाहीत. मग पडदा फुल एचडी असो, पॅक कितीचाही असो. बूटलोडर (फोन सुरू करणाऱ्या प्रणालीचं कुलूप) उघडलेल्या काही फोनचं एल१ गळून एल३ होतं. जुना फोन घेताना हे कोणी विचारत नाही आणि मग ‘ॲप भंगार आहे’ म्हणून एक तारा देऊन मोकळे होतात.

मग डेटा. कोष्टकं शोधत बसू नका. चित्राला सेकंदाला जितके मेगाबिट लागतात त्यांना ४५० ने गुणा, तासाचे एमबी मिळतात. ७२० दर्जाच्या चित्राला अडीच मेगाबिट धरले तर ११२५ एमबी. रोजचा दीड जीबी एक तास वीस मिनिटांत खलास. टी-ट्वेंटीचा पहिला डावसुद्धा धड संपत नाही. त्यानंतर बहुतेक पॅकमध्ये मिळतात ६४ केबीपीएस, त्यात आवाजही धापा टाकत येतो. म्हणून ॲपमध्ये दर्जा ‘ऑटो’वर सोडू नका, मोबाइल डेटासाठी ४८० वर बांधून टाका.

आणि तीन फुटकळ गोष्टी, ज्यांच्यामुळे निम्म्या तक्रारी येतात. तारीख-वेळ ‘ऑटोमॅटिक’ हवी, घड्याळ चुकलेलं असेल तर सर्व्हर ओळखच देत नाही. व्हीपीएन (तुमचा खरा पत्ता लपवणारं ॲप) बंद हवं. आणि फोनच्या नेटवर्क सेटिंगमधल्या ‘प्रायव्हेट डीएनएस’मध्ये जाहिराती अडवणारा पत्ता घालून ठेवला असेल तर ॲप उघडतं, पण जाहिरातीच्या जागी चक्र फिरत राहतं. जाहिरात अडली की अनेकदा तिच्यामागचं चित्रही अडतं.

एवढं झालं की मग ॲप. आणि ती ८०० चॅनलवाली एपीके नकोच.

फुकटचंबू

लोकांनी रस्ता विचारला, तुम्ही आरटीओची परीक्षा घेताय. सहा इंचाच्या पडद्यावर ४८० काय नि १०८० काय, कोणाला दिसतंय?

आणि एम३यू म्हणजे काही चोरीचा माल नव्हे. साधी मजकुराची फाइल असते. प्रत्येक चॅनलला दोन ओळी, वर नाव, खाली पत्ता. नोटपॅडमध्येही उघडते. घाबरवायचं किती?

साडेसाती_सदाशिव

चंबू, फाइलबद्दल बरोबर बोललास, हे लिहिताना हात थरथरतोय. पण फाइल आणि एपीके यांची खिचडी करू नकोस.

फाइल चालवायला अनोळखी एपीके लागतच नाही. व्हीएलसी हा फुकटचा व्हिडिओ प्लेअर घ्या, खालच्या पट्टीत ‘मोअर’, त्यात ‘न्यू स्ट्रीम’, लिंक चिकटवा, यादी उघडते. गिटहब या प्रोग्रॅमरांच्या साइटवर ‘आयपीटीव्ही-ऑर्ग’ची यादी आहे, तिच्यात जगभरच्या उघड्यावर उपलब्ध वाहिन्यांचे पत्ते असतात. कार्यक्रमपत्रिका हवी असेल तर एक्सएमएलटीव्ही (पत्रिकेच्या फाइलचा प्रकार) वाचणारा वेगळा प्लेअर लागेल, व्हीएलसी ती दाखवत नाही.

चालत नसेल तर चूक काय येते ते वाचा. ४०४ म्हणजे पत्ताच राहिला नाही. ४०३ म्हणजे पत्ता आहे, पण तुम्हाला दार उघडत नाहीत. एकतर देश चुकीचा, नाहीतर पत्त्यामागचं टोकन, म्हणजे तात्पुरता प्रवेश-कोड, शिळं झालेलं. पैशाच्या वाहिन्यांचे जे पत्ते गटात फिरतात त्यांचं टोकन काही तासांत मरतं, म्हणून ‘सकाळी चालत होतं हो’ ही तक्रार. शिवाय दिल्ली उच्च न्यायालय २०१९ पासून ‘डायनॅमिक’, म्हणजे पुढे वाढवता येणारे, मनाई हुकूम देतंय. चोरट्या साइटने नाव बदललं की नवं नावही त्याच हुकमात अडकवता येतं.

आता एपीके. टीव्ही दाखवणाऱ्या ॲपला इंटरनेट लागतं, फार तर सूचना दाखवायची परवानगी. त्याने एसएमएस मागितले, ‘ॲक्सेसिबिलिटी’ मागितली, तर ते चॅनल दाखवायला आलेलं नाही, तुमचा ओटीपी वाचायला आलंय. ॲक्सेसिबिलिटी म्हणजे पडद्यावरचं सगळं वाचणं आणि तुमच्या वतीने बटणं दाबणं. बँकेचं ॲप त्याच फोनवर आहे ना?

चिंचेचं_झाड

या सगळ्या तांत्रिक गप्पांत मूळ दुखणं बाजूलाच. मराठी माणसाने नक्की किती ॲप्स टाकायची? झी मराठीसाठी झी५. स्टार प्रवाह आणि कलर्स मराठीसाठी जिओहॉटस्टार. सोनी मराठीला सोनी लिव्ह, सन मराठीला सन नेक्स्ट, सह्याद्रीला वेव्हज. पाच ॲप्स, पाच लॉगिन, आणि प्रत्येकाचं ‘सबस्क्रिप्शन आपोआप वाढवू का?’ वेगळं. ऐंशीच्या घरातल्या आजींनी संध्याकाळी सात वाजता कुठलं चित्र दाबायचं?

डिशला काय लागायचं? आकडा दाबा, चॅनल हजर.

साडेसाती_सदाशिव

डिशची एवढी आरती नको. २०१९ च्या नव्या दरपद्धतीत नुसतं १०० वाहिन्यांच्या जोडणीचं भाडं १३० अधिक १८ टक्के जीएसटी, म्हणजे १५३ रुपये होतं. पैशाच्या वाहिन्या त्यावर. पुढे त्याच भाड्यात २०० वाहिन्या आल्या, पण त्यातल्या किती कोणी कधी लावल्या?

आजींसाठी डीडी फ्री डिश लावा. ती ९३.५ अंशांवरच्या जीसॅट-१५ वरून येते, छत्री-बॉक्सचा खर्च एकदाच, महिन्याचं भाडं शून्य. मालिकांच्या मोठ्या वाहिन्या नाहीत, ते आधीच सांगतो.

चिंचेचं_झाड

मोठ्या वाहिन्या नाहीत आणि आजींसाठी लावा. वा! आजी काय दिवसभर शेतीविषयक कार्यक्रम बघणार?

भावा_कोल्हापुरी

ते ॲप-फिप राहू द्या. मला एकच सांगा, मोबाइलवर मॅच बघताना शेजारचा आधी का ओरडतो? शेजाऱ्याची डिश. हिकडं बॉलर रनअप घ्यायलाय, तिकडं विकेट पडून फटाके. फाइव्ह-जी हाय, कांड्या फुल हायत. मग?

बफरबाबा

फाइव्ह-जीचा यात संबंध नाही. एचएलएस ही नेटवरून चित्र पाठवायची पद्धत चित्राचे तुकडे करून पाठवते, ॲपलची शिफारस सहा सेकंदांच्या तुकड्याची. प्लेअरने थेट टोकापासून किमान तीन तुकडे मागे राहून सुरुवात करावी असं आरएफसी ८२१६ मध्येच, म्हणजे एचएलएसच्या नियमपत्रातच, लिहिलंय. तीन सक अठरा. वर चित्र आवळणारा एन्कोडर, वर ते जागोजागी वाटणारे सर्व्हर, म्हणजे सीडीएन. पंचवीस-तीस सेकंद तिथेच गेले. तुमचा फोन चंद्रावरून आणला तरी तेवढेच.

फुकटचंबू

चूक. व्हीएलसीच्या ‘ॲडव्हान्स्ड’मध्ये नेटवर्क कॅशिंग (आधी साठवून ठेवायचं चित्र) १५०० असतं, ते ३०० करा. उशीर संपला. करून बघितल्याशिवाय बोलू नये.

बफरबाबा

ते १५०० मिलिसेकंद आहेत, चंबू! म्हणजे दीड सेकंद. त्याचे ३०० केलेस तर सव्वा सेकंद वाचला, उरलेल्या अठ्ठावीसचं काय? वर नेट जरा डगमगलं की चित्र तुटायला लागेल. उलट गावाकडे सिग्नल हलता असेल तर ते ५००० करावं.

फुकटचंबू

म्हणजे सव्वा सेकंद वाचतो हे मान्य. धन्यवाद.

उंटावरून_शेळ्या

डिश तरी कुठे ‘थेट’ असते? उपग्रह ३६,००० किलोमीटरवर. वर जाऊन खाली यायला पाव सेकंद, तो नगण्य. पण वाहिनीकडचं एन्कोडिंग, डिश कंपनीकडचं पुन्हा एन्कोडिंग, यात काही सेकंद जातातच. ट्रान्झिस्टर कानाला लावून डिश बघा, समालोचक आधी ओरडेल.

बफरबाबा

कोण नाही म्हणालं? प्रश्न डिश आणि मोबाइलमधल्या फरकाचा होता.

भावा_कोल्हापुरी

आरं पण काल सुरुवातीला थोडाच फरक हुता, शेवटच्या ओव्हरला मिनिटभर झाला. ते तीन सक अठरा हितं बसत न्हाई.

बफरबाबा

बसतं. मध्ये दोन-तीनदा चक्र फिरलं असेल. प्रत्येक अडकण्यानंतर बरेच प्लेअर थांबले तिथूनच पुढे सुरू करतात, थेट टोकाकडे उडी मारत नाहीत. पाच सेकंद इथे, दहा तिथे, साठत जातं. उपाय साधा आहे. पट्टीवरचं ‘लाइव्ह’ बटण दाबा, नसेल तर वाहिनी बंद करून पुन्हा लावा. आणि धावसंख्येच्या सूचना बंद करा, शेजाऱ्याच्या आधी तुमचाच फोन घात करतो.

‘फाइव्ह-जी, फुल कांड्या’ यावरही भरवसा नको. ३३०० मेगाहर्ट्झची लहर जाड भिंतीतून नीट आत येत नाही, फोन ४जी-५जी अशी उडी मारत राहतो आणि प्रत्येक उडीला चित्र अडखळतं. मॅचपुरतं ‘प्रिफर्ड नेटवर्क’ ४जीवर ठेवा. बॅटरीही कमी खाईल. चार्जिंगला लावून बघू नका. फोन तापला की प्रोसेसर आपणहून मंदावतो आणि फ्रेम गळायला लागतात.

उंटावरून_शेळ्या

या सगळ्यावर खरा इलाज डी२एम, म्हणजे ‘डायरेक्ट टू मोबाइल’. थेट प्रसारण, टॉवरचा डेटा नाही, सिम नाही. ४७० ते ५८२ मेगाहर्ट्झ, एटीएससी ३.० हे प्रसारणाचं मानक, आयआयटी कानपूर आणि सांख्य लॅब्जचं काम. एक मनोरा, लाख फोन, गर्दी झाली म्हणून चित्र अडकत नाही. आणि लो-लेटन्सी, म्हणजे कमी उशिराचं, एचएलएस २०१९ पासून आहे, ते सगळीकडे आधी का लावत नाहीत हाही प्रश्नच.

बफरबाबा

डी२एमला फोनमध्ये वेगळी चिप लागते, ती तुमच्या फोनमध्ये नाही. आजच्या मॅचचं बोला. लो-लेटन्सीत तुकडे बारीक होतात, सर्व्हरवर मागण्या कैक पटींनी वाढतात. कोट्यवधी लोक एकदम बघत असताना तो धोका कोण घेईल?

उंटावरून_शेळ्या

‘कोण घेईल’ हे काय उत्तर झालं? तुम्ही त्यांचे वकील आहात का? तुमच्यासारख्यांमुळेच ग्राहक मिळेल ते मुकाट्याने गिळतो.

बफरबाबा

तुकडा म्हणजे काय ते कळल्यावर या.

वायरमन

भांडण चालू द्या. मोबाइलवरून मोठ्या टीव्हीवर कसं न्यायचं यावर अजून एक ओळ नाही, आणि निम्म्या लोकांना तेच हवं असतं.

तीनशे रुपयांची सी-टाइप-एचडीएमआय वायर घेऊ नका. फोनच्या पोर्टमध्ये ‘डिस्प्लेपोर्ट आल्ट मोड’, म्हणजे चित्र बाहेर पाठवायची सोय, असेल तरच ती चालते. स्वस्त फोनमध्ये यूएसबी २.० पोर्ट असतं, त्यातून चित्र निघतच नाही. दुकानदार ‘सगळ्याला चालते’ म्हणेल. डिस्प्लेलिंकवाला अडॅप्टर चालतो, पण तो पडद्याची नक्कल पाठवतो, त्यामुळे डीआरएमच्या ॲपमध्ये आवाज येतो आणि चित्र काळं. ते खराब नाही, तसंच असतं.

‘मिररिंग’ आणि ‘कास्ट’ यांत फरक आहे. मिररिंगमध्ये सगळं ओझं फोनवर. कास्टमध्ये टीव्ही स्वतःच नेटवरून चित्र ओढतो, फोन फक्त रिमोट. म्हणून जमेल तिथे कास्टच. दोन्ही एकाच वाय-फायवर असूनही टीव्ही यादीत दिसत नसेल तर राउटरमध्ये ‘एपी आयसोलेशन’ किंवा गेस्ट नेटवर्क चालू आहे का बघा. ते चालू असलं की उपकरणं एकमेकांना शोधूच शकत नाहीत.

आणि हॉटस्पॉटवर टीव्ही लावणाऱ्यांनो, फोनवर ४८० बांधलंत त्याचा टीव्हीला पत्ता नसतो. तो आपल्या पडद्याप्रमाणे एचडी मागतो. मग ‘दोन जीबी कुठे गेले?’

चिंचेचं_झाड

नेटफ्लिक्सच्या मोबाइल पॅकवर कास्टचं चिन्हच सापडत नाही. हेही राउटर का?

वायरमन

नाही. १४९ चा पॅक फोन आणि टॅबपुरताच, ४८०, एका वेळी एक पडदा. कास्ट त्यात नाहीच. पॅक घेताना लिहिलेलं असतं.

चिंचेचं_झाड

लिहिलेलं असतं, भिंगाने वाचण्याइतकं. चालू द्या.

चौकस_चिंतू

धाग्याचा विषय एपीके होता. सव्वा सेकंदावर वीस प्रतिसाद.

बाय द वे, वेव्हज नोव्हेंबर २०२४ मध्ये गोव्यातल्या इफ्फी चित्रपट महोत्सवात सुरू झालं, प्रसार भारतीचंच आहे. फुकट आणि कायदेशीर हवं असणाऱ्यांनी तिथून सुरुवात करावी.

फुकटचंबू

बरं. एक विचारायचं होतं, उगाच फाटे नकोत. अशी एपीके कोणाच्या फोनवर असेल आणि काढायची असेल, पण ‘अनइन्स्टॉल’ करड्या रंगाचं दिसतंय, दाबलंच जात नाही. का?

साडेसाती_सदाशिव

‘कोणाच्या’, अच्छा.

त्या एपीकेने ‘डिव्हाइस ॲडमिन’ची, म्हणजे फोनवर ताबा ठेवायची, परवानगी घेतलीय. आधी वाय-फाय आणि डेटा, दोन्ही बंद. मग सेटिंग्जमध्ये वरच्या शोधपट्टीत ‘डिव्हाइस ॲडमिन’ टाईप कर, त्या ॲपपुढची खूण काढ. ते पान उघडताच बंद होत असेल तर फोन सेफ मोडमध्ये चालू कर. बऱ्याच फोनमध्ये पॉवर मेनूतलं ‘पॉवर ऑफ’ दाबून धरलं की विचारतं. सेफ मोडमध्ये बाहेरून टाकलेली ॲप्स जागी होत नाहीत. खूण काढ, ॲक्सेसिबिलिटीतूनही काढ, मग अनइन्स्टॉल. बँकेचा पासवर्ड आणि यूपीआय पिन दुसऱ्या फोनवरून बदल, याच्यावरून नको.

फुकटचंबू

सेफ मोडमध्ये गेला. यादीत त्याचं नाव ‘सिस्टम अपडेट’ दिसतंय, तेच का?

साडेसाती_सदाशिव

तेच. काढ.