शब्दांमधलं अंतर मोजून भाषांचं नातं ठरतं का?

टंकनवीर:
कोंकणी स्वतंत्र भाषा की मराठीची बोली, यावर पिढ्यानपिढ्या भांडून झालं. १९७५ साली साहित्य अकादमीने तिला स्वतंत्र मानलं, तरी वाद संपला नाही. म्हणून सुचवतो: मॉरिस स्वदेश या भाषातज्ज्ञाच्या यादीतले शंभर मूलभूत शब्द दोन्ही भाषांत लिहा आणि लेव्हेनश्टाइन अंतर काढा, म्हणजे एका शब्दाचा दुसरा करायला किती अक्षरं बदलावी, घालावी वा गाळावी लागतात ते. हात-हात, नाक-नाक शून्य. डोळा-दोळो दोन. भावनांना थाराच नाही!

उदकशांत:
थारा यादीतच आहे. गोव्यात पाण्याला उदक म्हणतात. मराठीच्या रकान्यात काय लिहिणार? उदक आपल्याकडेही आहे, निदान सोडण्यापुरतं. कुत्र्याला तिथे सुणें. जुन्या मराठीतही सुणें होतंच. शब्द निवडणार तुम्ही आणि निकालाचं श्रेय संगणकाला.

तळटीप:
मूळ घोटाळा त्याहून मोठा. संस्कृत 'चक्र' आणि इंग्रजी 'व्हील' एकाच मुळातून आले, पण तुमच्या प्रोग्रामला ते परके वाटतील. फारसी 'बद' आणि इंग्रजी 'बॅड' मात्र सख्खे भाऊ वाटतील, आणि त्यांचा काडीचा संबंध नाही. आर्मेनियनमध्ये इराणी शब्द इतके, की ती इराणी शाखेतलीच समजली जायची. १८७५ साली ह्युबशमान या भाषातज्ज्ञाने उसने शब्द बाजूला काढून ध्वनिबदलांचे नियम तपासले, तेव्हा ती वेगळी शाखा ठरली. नातं नियमित बदलांत असतं, दिसण्यात नाही.

टंकनवीर:
पण आता नुसती अक्षरं कोण मोजतं? २०१८ चा द्रविड भाषांचा अभ्यास बघा. २० भाषा, प्रत्येकीचे शंभर शब्द. कोणते शब्द एका मुळाचे हे भाषातज्ज्ञांनी ठरवलं, संगणकाने संभाव्य वंशवृक्ष तपासले. कुळाचं वय आलं सुमारे ४५०० वर्षं. हे काम हाताने करून दाखवा.

उदकशांत:
आणि संस्कृत-इंग्रजी ज्यात येतात त्या इंडो-युरोपियन कुळाचं? २००३ साली ग्रे आणि अ‍ॅटकिन्सन या संशोधकांनी अशाच पद्धतीने ७८०० ते ९८०० वर्षं काढली. २०१५ साली बर्कली विद्यापीठाच्या मंडळींनी लॅटिनसारख्या भाषांना त्यांच्या वंशजांच्या पूर्वज म्हणून पक्कं बसवलं, तर वय सुमारे ६५०० वर आलं. गृहीतक बदललं की हजारो वर्षं इकडची तिकडे.

टंकनवीर:
गृहीतक बदलल्यावर काय हललं ते दिसलं ना? आपल्या वादात तेवढंही दिसत नाही. पाणी आणि उदक, दोन्ही घेऊन दोनदा मोजतो.

तळटीप:
मोजा. मालवणीचाही रकाना ठेवा मात्र. ती गाळून फक्त पुणे आणि मडगाव घेतलं, तर मधली रेघ कुठेही मारता येते.